अकरा नंबरची हरकत

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. टाइपरायटरची फीत सुकली होती, आणि नवी फीत ठेवणारा दुकानदार आता मोबाइलची कव्हरं विकतो. तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडून. मी अजून रोज कचेरीबाहेरच्या फुटपाथवर टेबल मांडून बसतो. दिवसाला दोन-तीन अर्ज टाइप करायला येतात, बाकीचे लोक मला नुसते पत्ते विचारतात.

आता मुद्द्याचं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबते ती अकरा नंबरची बस बंद व्हायची आहे. खांबाला नोटीस चिकटवली आहे. प्रवासी कमी, सबब मार्ग रद्द, हरकती तीस दिवसांत आणि फक्त ॲपवर. बावीस वर्षांपूर्वी हीच बस आणायला सभागृहात सुनावणी झाली होती, आठवतं ना? साहेब डुलक्या काढत होते आणि समोरच्या आजींनी टेबलावर छत्री आपटून त्यांना जागं केलं. अर्ज माझा होता, पण बस आणली ती छत्रीने. आता सुनावणीच नाही, तर छत्री आपटायची कुठे?

छबूचं तुला वेगळं सांगायला नको. माझी लेक एकोणतीस वर्षांची झाली, तरी तिला घड्याळ कळत नाही, नाणी कळत नाहीत. पण दोन वर्षं रोज मागच्या सीटवर बसून मी तिला ही एक बस शिकवली. आता ती एकटी जाते. आठ-चाळीसला थांब्यावर, ड्रायव्हरमागची सीट, पुलानंतर तिसरा थांबा, उतरलं की समोर वर्कशॉप. तिथे दिवसभर कागदी पाकिटं चिकटवते. हे पत्र ज्या पाकिटातून आलं तेही तिचंच, वाकड्या कोपऱ्यावरून ओळखलं असशील. बस गेली तर पोर घरात बसेल, आणि एकदा बसली की पुन्हा उठायची नाही. मी एकाहत्तरचा आहे. दुसरी बस शिकवण्याएवढा वेळ माझ्याकडे नाही. मला भीती वाटते, ती ही.

तू त्या ॲपच्याच खात्यात आहेस. वशिला नको, तो आपल्या घराण्यात कुणाला जमलाच नाही. हरकत कशी लिहायची, एवढी पद्धत सांग.

छबू आत्याला पापा पाठवते. होतीस तशीच मायाळू राहा.

तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. कोपरा वाकडा, मजकूर सरळ, म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

तू चेष्टा करतोस की आमच्या सहभाग कक्षात सहभाग सोडून सगळं असतं. पण खरं सांगते, चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी आठ वर्षं मनापासून बसले आहे. पूर्वी लोकांच्या हरकती तळघरात पोत्यांत पडायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा वरच्या फळीवरच्या फाइली काढायला आम्ही त्या पोत्यांवर चढायचो. आता हरकत आली की नकाशावर हिरवा ठिपका उमटतो. एका माणसाचा एक ठिपका. कारखानदाराचा असो की भांडी घासणारीचा, आकार तोच. आणि एका भागात दोनशे ठिपके झाले की प्रकरण आपोआप समितीपुढे जातं. त्यात कुणा साहेबाची मर्जी लागत नाही.

एक गोष्ट मिरवायची राहिली. गेल्या वर्षी एका बिल्डरने माणसं बसवून हजारभर खोट्या हरकती घुसवल्या होत्या. ते थांबवायचा नियम मी सुचवला आणि तो लागूही झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी आल्यावर सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुला सांगते.

तर तू दोनशे माणसं गोळा कर. हरकत थोडक्यात आणि मुद्देसूद असू दे. लोक नको तिथे जावयाच्या तक्रारीही लिहितात, पण हे मी कुणाला शिकवतेय! बस वाचेल, दादा. छबूला सांग, आत्याने सांगितलंय.

वहिनीच्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोनशे मागितले होतेस ना? तीनशे सोळा झाले. आता माझी पाठ थोपट, तिला त्याची गरज आहे, सहा दिवस बसून ती मोडली आहे.

निम्म्या लोकांकडे तसला फोन नाही. उरलेल्यांना त्यात टाइप करता येत नाही. तेव्हा सगळे माझ्या टेबलाशी रांग लावून आले आणि माझ्याच फोनवरून एकेकाचं नाव-पत्ता घालून मी हरकती भरल्या. मसुदा असा केला आहे की बोट ठेवायला जागा नाही. चार ओळी, तीन मुद्दे, शेवटी नम्र विनंती. चाळीस वर्षांत इतका देखणा मसुदा हातून उतरला नव्हता. एकदा जमल्यावर सगळ्यांना तोच दिला.

लोक काय काय सांगतात, तू म्हणालीस ते अगदी खरं. इस्त्रीवाल्या बाईंना लिहायचं होतं की त्यांचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा याच बसच्या कंडक्टरने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, हाड खासगी बाब आहे, अर्जात बसत नाही. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला की मी फक्त छबूसाठी आलोय, ती रोज काचेतून हात हलवते तेवढंच लिहा. तेही काढलं. अर्जात रडगाणं नको. सवयीप्रमाणे कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे मात्र घेऊन ठेवले आहेत.

छबू सहाही दिवस शेजारी स्टुलावर होती. ‘पाठवा’चं हिरवं बटण तिने दाबायचं, असं ठरलं. हिरवी बरोबरची खूण आली की टाळी वाजवायची. मी तिला सांगितलंय की खूण आली म्हणजे बस येणार. आता फोन तिच्याच हातात असतो, मला मिळत नाही.

वहिनी म्हणते, बऱ्याच वर्षांनी हे घरात शीळ घालताहेत. समितीची तारीख कळव. आमच्या सगळ्यांची माया तुझ्या वाट्याला आहे, ती मोजून घे.

तुझा दादा

६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

नकाशावर आपल्या गल्लीत एकच ठिपका आहे. एकाच फोनवरून एकच मजकूर पुन्हा पुन्हा आला, की यंत्र तो एकाच माणसाचा धरतं आणि बाकीचे बाजूला टाकतं. बिल्डरसाठी मी सुचवला तो हाच नियम. तू केलंस ते आणि त्याने केलं ते, यंत्राला अगदी सारखं दिसतं. तीनशे सोळा माणसं एका ठिपक्यात गेली, दादा, आणि तो ठिपका तुझ्या नावाचा आहे.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. आधी नकाशा उघडून बघता आला असता. पण आपल्या माणसाच्या हरकतीत डोकवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. आणि मागच्या पत्रात तो नियम काय आहे, हे दोन ओळींत लिहायचं सोडून मी नुसतं कौतुक मिरवलं. मला स्वतःची लाज वाटते.

साहेबांकडे गेले. ते वाईट नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, एका चांगल्या माणसासाठी नियम वाकवला तर उद्या त्याच फटीतून बिल्डर येईल. ते वाक्य माझंच आहे. माझ्या टिपणीतलं. त्यांना पाठ झालंय. सह्यांचे कागद पाठवू का विचारलं, तर कागद घेणारा विभागच आता उरलेला नाही. समितीपुढे काहीच गेलं नाही, त्यामुळे मार्ग आपोआप रद्द झाला. एकतीस मार्चला शेवटची फेरी.

काय बोलायचं ते बोल, पण बोल. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी धाकटी

१२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यावर रागावलो नाही. खरं तर रागावून पाहिलं, जमलं नाही. इस्त्रीवाल्या बाईंना त्यांचं हाड लिहू दिलं असतं, शिंप्याला त्याचं वाक्य लिहू दिलं असतं, कुणाच्या तरी भाच्याचा फोन मागून आणला असता, तर ती माणसं तुमच्या यंत्राला माणसं दिसली असती. मी त्यांना घासूनपुसून एकसारखं केलं. बाई परवा विचारत होत्या की आमचं वाचलं का वरच्या लोकांनी. मी हो म्हणालो.

सह्यांचे कागद घेऊन इथल्या बस कचेरीत जाऊन आलो. जिथे अर्ज घेणारी आवक-खिडकी होती तिथे भिंतीत बोटाने चालवायचा स्क्रीन बसवलाय. पहारेकरी भला माणूस. त्याने पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवूनही पाहिला. आपली हरकत आधीच नोंदलेली आहे, सहभागाबद्दल आभार, असं उत्तर आलं. मग त्याने मला पाणी दिलं आणि मी चालत घरी आलो.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हर खाली उतरून छबूला समजावून गेला. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी आठ-चाळीसला डबा घेऊन थांब्यावर उभी. पाटी काढून नेली आहे, खांब तेवढा ठेवलाय. दुसऱ्या बसने नेऊन पाहिलं. मध्ये बदलावी लागते, तिथे ती रस्त्यावर बसून किंचाळली, आणि माझ्याने तिला उचलणं झालं नाही. वर्कशॉपच्या गाडीसाठी नाव घातलंय, पुढे पुष्कळ नावं आहेत. रोज साडेदहापर्यंत मी तिच्याबरोबर खांबाशी उभा राहतो. हे पाकीट विकतचं आहे. चारही कोपरे सरळ आहेत.

परवा फोनवर तुमच्याकडून विचारणा आली. आपल्या हरकतीचा निपटारा झाला आहे, आपण कितपत समाधानी आहात? खाली पाच पोकळ तारे. फोन छबूकडे होता. बोट लावलं की तारा पिवळा होतो हे तिला कळलं. तिने पाचही पिवळे केले आणि हिरवं बटण दाबलं, ते तिला येतंच. खूण आली. टाळी वाजवून मला आणून दाखवलं, आणि चपला घालून डबा मागायला लागली. खूण आली म्हणजे बस येणार, हे मीच शिकवलेलं.

सांगून काही होणार नाही, पण सांगावंसं वाटलं. तब्येत सांभाळ. माया आहे, ती कुठे जाते?

तुझा दादा

२१ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या खात्याचं वार्षिक पुस्तक छापून आलं. आपल्या भागाच्या पानावर लिहिलंय की प्राप्त हरकत एक, निपटारा एक, समाधानी नागरिक शंभर टक्के. सगळ्या भागांत आपला भाग पहिला आला आहे. मुखपृष्ठावर पाच पिवळे तारे काढलेत.

पुस्तक छापायला जाण्याआधी ते उत्तर काढून टाका म्हणून मी साहेबांना सांगितलं होतं. ते कुणी आणि कसं दिलं, तेही सांगितलं. त्यांनी पुन्हा चहा मागवला. मग म्हणाले की नागरिकाने दिलेलं मत पुसायचा अधिकार कुणालाही नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. नियमात तसंच आहे. पुढच्या सोमवारी आमच्या कक्षाचा सत्कार आहे, आणि मला पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय.

मी बसणार आहे, दादा. नोकरी सोडायचा विचार केला, पण माझ्या जागी येणारीला हा नियम कुठून आला तेही ठाऊक नसेल. एवढाच फरक पडेल.

छबूला सांग, तिचे तारे आत्याला पोचले. बसचं विचारलं तर तूच काहीतरी सांग, मला सुचत नाही. तिने केलेलं एखादं जुनं पाकीट घरात उरलं असेल तर पुढचं पत्र त्यातून पाठव.

जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझी धाकटी