गंगाबाईची औषधं

पनवेल, ९ ऑगस्ट १९९४

ती. विनायकदादास,
पद्मजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे सगळे बरे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. कर्नाळ्याजवळच्या वाडीतली, झाडपाल्याची औषधं देणारी गंगाबाई तुला आठवत असेल. दोन वर्षं दर रविवारी तिच्याजवळ बसून मी एकेक औषध लिहून घेतलं, कॉम्प्युटरवर उतरवलं आणि वेंधळ्यासारख्या वह्या रद्दीत घातल्या. चैत्रात ती गेली. आता हार्ड डिस्कच चालू होत नाही. बटण दाबलं की घूं करते आणि दमल्यासारखी थांबते. आधी तीन-चारदा बटण दाबल्यावर लागायची, आठवड्यापासून तेही नाही. दुकानदार म्हणाला, डिस्क मेली, नवी बसवा. मी जुनं मशीन घेतलं तेव्हा तू हसला होतास. आता हसू नकोस, काहीतरी सांग.

तुझी धाकटी, पद्मजा

पुणे, १४ ऑगस्ट १९९४

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

अजिबात हसलो नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली, एवढं कळतं की घूं करणारी डिस्क मेलेली नसते, उपाशी असते. थांबलेली मोटर फिरवताना सगळ्यात जास्त वीज लागते. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय म्हातारा झाला की नेमका त्याच क्षणी कमी पडतो. डिस्कच्या प्लगमधल्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मीटर लाव आणि बटण दाब. बारा व्होल्टचा आकडा खाली घसरला तर दोष सप्लायचा. पण सप्लायची पेटी उघडू नकोस, स्विच बंद केला तरी आत वीज साठलेली असते. नवा सप्लाय बसवून घे आणि आधी सगळं फ्लॉपीवर उतरव. तोवर डिस्कला कोणालाही हात लावू देऊ नकोस. आणि रडू नकोस, वेडे.

तुझा दादा

पनवेल, ४ सप्टेंबर १९९४

ती. दादास सा. नमस्कार.

कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी शेजारची अनुया मीटर घेऊन आली. बटण दाबताच बाराचे साडेनऊ झाले! नवा सप्लाय बसवला, डिस्क पहिल्या झटक्यात फिरली. एकशे चौदा औषधं, एकही गेलं नाही. मी तिथेच बसून तुला हात जोडले.

आज छापील कागद घेऊन वाडीवर गेले. गंगाबाईच्या लेकीला, साळूला, वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवत होते. काविळीच्या औषधाशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, आयेनं तुमाला अर्धाच सांगलाय, ती कोनालाच पुरा सांगत नव्हती. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, तुमी आयेचं येवढं जपलंव, बाकीचा मला ठावं हाय. आता लिवा.

दादा, तू त्या दिवशी पत्र टाकलं नसतंस तर मी नवी डिस्क बसवली असती आणि त्या वाडीवर पुन्हा तोंड दाखवायला गेले नसते. अंधार पडेपर्यंत लिहीत होते.

लोभ आहेच, तो गणपतीत वहिनीसकट घेऊन ये.

तुझी, पद्मजा