दुधीच्या फुलावरची गाठ

१२ सप्टेंबर
सकाळी औषधं आणली. दुपारी पडून होतो, झोप नाही. सुमनला जाऊन चार महिने झाले. गच्चीवर तिच्या दुधीला पहिलं मादीफूल येतंय, खाली बोटभर दुधी धरून. सात बिया लावल्या, एकच उगवली. तिच्या आईच्या देगलूरकडच्या बियाण्याचा हा शेवटचा वेल. माहेरी आता सगळे पाकिटातलं बी लावतात.

१३ सप्टें.
फूल संध्याकाळी उमलतं. पतंगांनी दुसऱ्या वेलाचा पराग आणू नये म्हणून दुपारीच कळीच्या टोकाला लोकर बांधली, एका नर कळीलाही. सहाला नरफूल तोडलं, पाकळ्या काढल्या, मादीच्या मधल्या गोळ्यावर फिरवलं. पुन्हा बांधलं. सु. करायची तसं. शाळेत शिकवायची तशी मलाही सांगायची, "परागाचा एकेक कण आत नळी सोडतो, थेट बीजांडापर्यंत. एका बीला एक कण. जो आधी पोचला त्याचं बी. हात आखडू नका हो, भरपूर लावा." भरपूर लागला का, कळलं नाही.

१४ सप्टें.
फुलावरची गाठ माझी नाही. मी निरगाठ मारतो, ऑफिसात फायली बांधायचो तशी. ही बुटाच्या नाडीसारखी, दोन कान काढलेली.
शेजारच्या रत्नम्माच्या आणि आमच्या गच्चीमधला कठडा कमरेएवढाच. तिच्याकडे गोल दुधी, आनपकाय म्हणते ती. परवा विचारत होती, "क्या अन्ना, आनपकाय लगी क्या?" आधी कधी विचारलं नव्हतं.

१५ सप्टें.
विचारलंच.
"मेरेकू क्या पडी तुम्हारी बेल की!" हसली. मग म्हणाली, "सात बजे आयी थी मैं. भाभी बोले थे, इनकू जमता नहीं, तुम देख लेना बोलके."
"फूल कौनसा लगाए?"
"फूल तो फूल है अन्ना. पोलीस है क्या तुम?"
वर जाऊन आमची नरफुलं मोजली. मी तोडलेलं एक सोडून सगळी जागेवर. म्हणजे फूल तिच्या वेलाचं.
सु. आणि ही इतकं बोलायच्या? मला का नाही कधी... की हीच खोटं बोलतेय.

१९ सप्टें.
दुधी धरला. लांबच होणार, वेल आमचा. फळावरून काही कळत नाही. आतल्या बिया कोणाच्या, ते पुढच्या वर्षीच्या वेलांवर दिसेल. काही आमच्या, काही तिच्या, असंही असेल. मी सहाला, ती सातला. तासाभरात नळी कुठवर जाते? विचारणार कोणाला.

२ ऑक्टो.
नंतरची तिन्ही मादीफुलं गळाली. मेहुण्याचा फोन. "भाऊजी, ताईचं बी आम्हाला ठेवा हं." हो म्हणालो.

५ ऑक्टो.
रत्नम्मा कठड्यावर तिचा एक गोल दुधी ठेवून गेली. कशासाठी, कोणास ठाऊक. दिवसभर तसाच राहू दिला. संध्याकाळी आत आणून चिरला. कोवळा निघाला. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली, सकाळचा भात होता, जेवलो. ताट घासून पालथं घातलं.