टाकायला शिकले

नाशिक, रविवार

तीर्थरूप आप्पांना हर्षालीचा वाकून नमस्कार, आईलाही सांगा.

होस्टेलवर मोबाईल जमा करून घेतात, म्हणून पत्र. मी मजेत आहे. रोज अंडी मिळतात. मनगट दुखत होतं, आता बरंच कमी आहे. आईला हे वाचून दाखवू नका.

दुखायचं माझ्याच खोडीमुळे. वेटलिफ्टिंगच्या सरावात डोक्यावर उचललेलं वजन मी हळूच खाली ठेवायचे. सर ओरडायचे, "अगं, टाक ना! काचेचं आहे का?" पण नामपूरच्या मार्केटात तुम्हाला हमाली करताना बघितलंय ना! गोणी आपटली की कांदा मार खातो आणि व्यापारी तुम्हाला बोलतो. माझा हात सुटायचाच नाही.

परवा विभागाची वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. वजन वर नेलं, पंचांनी खूण केली आणि मी टाकून दिलं. धाडकन आवाज झाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! आप्पा, राज्यासाठी माझी निवड झाली.

पोरीनं ओझी उचलू नयेत, असं तुम्ही म्हणायचात. पण हे ओझं कुणाच्या ट्रकपर्यंत न्यायचं नसतं हो.

तुमची पाठ कशी आहे? खरं सांगा. आणि राज्याच्या स्पर्धेला याच. एक दिवस तुम्ही खुर्चीत बसा, ओझं मी उचलते.

तुमची लाडकी,
हर्षाली