मरणाचा दिवस काढणारा वैद्य

सौसर, जेठ महिना, बुधवार, १९८६

आज सुमीनं, माझ्या कालेजातल्या नातीनं, पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवली. पोरगी एवढं शिकून राहिली, मले किती आनंद! पण ती गोष्ट काही मनातून जात नाही.

चारशे वर्सांमागं इटलीत एक वैद्य होता, गणितातही मोठा. त्यानं पत्रिकेवरून स्वतःच्या मरणाचा दिवस काढला. दिवस जवळ आला तरी गडी धडधाकट. मग आपलं गणित चुकू नये म्हणून त्यानं जेवणच सोडलं म्हणतात, अन् त्याच दिवशी मेला.

मी हसली. "येडाच होता बापा!"

"अन् तू वं आजी?" सुमी म्हणे. "जोशानं सांगतलं दिवाळी पाहत नाहीस, तर औंदा लोणचंच घालत नाही म्हणते. मुरेपर्यंत मी कुठं असणार, म्हणते!"

तेव्हापासून त्या वैद्याचं भरलं ताट डोळ्यासमोर येऊन राहिलं. ताटापुढं तो तोंड फिरवून बसला. अन् तोंड, माय वं, माझंच.

सुनेले सांगतलं, उद्या बोरगावहून कैऱ्या आण. मोठी बरणी धुऊन ठेवली.

ते ताट अजून दिसूनच राहिलं. दिवाळीले त्यात बी लोणच्याची एक फोड वाढीन.