कॅप्टन शेवटी उतरणार

३ मार्च
सर्व्हेचं जहाज गेलं एकदाचं. समुद्राच्या तळाला मोठी भेग सापडली म्हणे, आपल्या किनाऱ्याच्या अगदी जवळ. इतकी वर्षं खिडकीत बसून समुद्र बघतेय, मला कधी दिसली नाही. संध्याकाळी हॉलमध्ये व्याख्यान. भूगर्भवाली मुलगी, केस धड विंचरलेले नाहीत. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींत अडकून बसल्यात, ताण वाढतोय, सुटल्या की भूकंप. जोराचा असला तर मागोमाग लाट. कधी, म्हणून विचारलं. सांगता येत नाही म्हणाली. मग पगार कसला घेते?

बिल्डिंगला भूकंप-कॅप्टन हवा होता. कुणी हात वर करेना. मी केला.

५ मार्च
नियम केले. हादरा थांबेपर्यंत टेबलाखाली. थांबला की जिन्याने खाली, तिथून टेकडीवर. लिफ्ट वापरायची नाही. पळायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये फायर ड्रिलला सिस्टर आम्हाला बूटसुद्धा वाजवू द्यायच्या नाहीत. कॅप्टन सगळ्यांत शेवटी उतरणार.

तिसऱ्या मजल्यावरच्या जिमवाल्याने विचारलं, काकू, काकांना कोण उतरवणार? मी, म्हटलं. माझा नवरा आहे, कपाट नाही. तो हसला. हसण्यासारखं काय होतं?

११ मार्च
अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा डावा हात-पाय अजून लुळाच. डॉक्टर म्हणतात, यापुढे फारसा फरक पडायचा नाही. त्यांना काय कळतंय? वर्ष संपेपर्यंत हे जिना उतरतील, असं मी ठरवलंय.

मुलीचा फोन. टेकडीवर तळमजल्याचं घर बघितलंय, लवकर हो म्हण, म्हणाली. नाही म्हटलं. तिथून समुद्र दिसत नाही. ह्यांना समुद्र लागतो. विचारलं नाही, पण लागतो.

१६ मार्च
ह्यांना उतरवायचा सराव. खुर्चीला चादर बांधून दारापर्यंत ओढलं. उंबऱ्याला खुर्ची अडली. राहू दे आता, म्हणाले. उंबराच मुळात चुकीचा बसवलाय. बिल्डरला खरमरीत पत्र लिहिणार.

१८ मार्च
ड्रिल उत्तम. शिट्टी वाजवली, सगळे उतरले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई चपला शोधत बसल्या. चांगलं झापलं. हे वरच होते. ड्रिलच तर होतं.

जिमवाल्याचं पुन्हा तेच. काकांना पाठीवर घेतो, एकदा करून बघू. नको म्हटलं. नसती लुडबुड.

२४ मार्च
दुपारी हादरा. लहानच. कपबश्या वाजल्या, पंखा हलला. लाट आली नाही.

मी गेटबाहेर होते. कशी आले, आठवत नाही. शिट्टी गळ्यात होती, वाजवली नव्हती. बाकीचे माझ्यामागून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काका कुठायत? मी बिल्डिंगकडे बघत राहिले. काही वाटलं नाही. अजून वाटत नाहीये.

जिमवाला ह्यांना पाठीवर घेऊन उतरला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. कट्ट्यावर बसवलं. हे घामाने भिजले होते.

"तू पोचलीस ना?" म्हणाले. "मग झालं."

संध्याकाळी मुलीला फोन करून घराला हो म्हटलं. अचानक काय झालं, म्हणाली. इथे नळाला प्रेशर नसतं, म्हणून सांगितलं.