एका कोनाड्यात दोन गाडगी

२ नोव्हेंबर, रविवार

अमेयने लॉकरची चावी मागितली. मी दिली नाही. जेवताना पुन्हा तोच विषय, चहाला पुन्हा तोच. मुलाशी वाद घालण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझा नवरा गुरुप्रसाद गेल्या वर्षी पुण्यात वारला. अस्थी तिथेच, स्मशानातल्या लॉकरमध्ये. वर्षश्राद्ध जवळ आलं. अमेय इथून, आखातातून, रजा घेऊन जाणार, नाशिकला विसर्जन करणार. "आई, बाबांना असं अडकवून ठेवू नये." अडकवलंय कुणी? तो माझ्यासाठी थांबलाय. माझ्यानंतर दोघांचं एकदम करा, एवढंच माझं म्हणणं. सूनबाई म्हणाली, "आई, असं कुणी करतं का?" पूर्वी करायचे लोक, नमिता. पण सांगत बसले नाही.

४ नोव्हेंबर

आर्याला शाळेसाठी प्राचीन रोमचं मॉडेल करायचंय. कलोझियम आधीच निम्म्या वर्गाने घेतलं. म्हटलं, एखाद्या कुटुंबाचं थडगं कर. "आजी, दॅट्स क्रीपी." क्रीपी काही नाही. एम.ए.ला तेच शिकले, नंतर डोळ्यांनी पाहिलं.

रोमच्या वेशीबाहेर, जमिनीखालचं एक थडगं. अमेय लहान होता, त्याला माझ्या आईकडे ठेवलं होतं. अरुंद जिना उतरून खाली — वर कमानीचं छत, भिंतींत अर्धगोल कोनाड्यांच्या रांगा. अभ्यासक त्याला कबुतरखानाच म्हणतात. छतावर चुन्याच्या गिलाव्यात उठवलेल्या वेली, मोर. कोनाड्यांखाली रंगवलेले हार, डाळिंबं. मी संगमरवरी पाट्यांवरची नावं वाचत होते. गुरुप्रसाद इंजिनियर — त्याने आधी छत निरखलं, मग कोनाड्यात डोकावला.

"मालू, प्रत्येकात दोन भोकं कशाला गं?"

भोकं नव्हेत. बांधकामातच बसवलेली रक्षेची गाडगी. नवरा-बायकोला मिळून एक कोनाडा.

"म्हणजे आधी जाईल त्याने वाट बघत बसायचं?"

"हो."

"तुझी? तुला साडी नेसायला लागणारा वेळ धरून?"

गाईड रागावेपर्यंत हसलो. वर आलो तर लख्ख ऊन. त्याने रस्त्यावरच्या गाडीवरून पीच घेतली, रस माझ्या अबोली साडीवर सांडला. डाग अजून आहे. साडीही आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. दिवसभर थर्माकोल. आर्याला काळा रंग आणि कवट्या हव्या होत्या. दटावलं. रोमन माणसं गेलेल्याच्या वाढदिवसाला थडग्यात जेवायला यायची, म्हणून भिंती बागेसारख्या. "लाइक अ पिकनिक?" होय. मग मोर निळा झाला. कबुतरखाना म्हटल्यावर तिला इथल्या कटारातले कबुतरांचे उंच बुरूज आठवले. बरोबर.

पाटीवर तिने परस्पर आमचीच नावं घातली. मी म्हटलं, चालेल. रोमन जिवंतपणीच थडगं बांधून घेत, आणि जो अजून आहे त्याच्या नावापाशी व्ही, म्हणजे लॅटिनमध्ये 'जिवंत', कोरत. तिने माझ्यापाशी मोठा व्ही काढला. दोन छोटी गाडगी केली. एकात उदबत्तीची राख घातली. दुसरं रिकामं. अमेयने पाहिलं आणि तो खाली गेला.

११ नोव्हेंबर

मॉडेल परत आलं. रुकैया मिसनी विचारलं, दुसरं रिकामं का? आर्या म्हणाली, "शी इज स्टिल बिझी, मिस." वर्ग हसला म्हणे. मीही हसले.

मग त्या कोनाड्यासमोर बसून राहिले. वाट बघणं या माणसाला कधीच जमलं नाही. इथे अल नस्रला अमेयकडे राहायला आल्यापासून दर शुक्रवारी भाजीला निघायचो. मी निऱ्या घालत असायची, हा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवायचा. वर आलाच तर दारातून — "यल्ला, चला लवकर, मालविकाबाई!"

आणि मी त्याला लॉकरमध्ये बसवून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर

चावी अमेयला दिली, पावतीसकट. तिकिटं दोन काढ म्हटलं. अबोली साडी बॅगेत.

आर्याने रिकामं गाडगं मला दिलं. त्यात लवंगा भरल्या.