मागच्या खोलीचं तापमान

४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९
या थंडीत आपल्या घरातली एकही खोली वीस डिग्रीच्या खाली जाणार नाही. आज चहाच्या वेळी जाहीर केलं, आणि मुद्दाम आईकडे बघून केलं. मागच्या थंडीत तिला तीन आठवडे खोकला होता. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मागची खोली तिची. त्या खोलीच्या तीन भिंती बाहेरच्या, आणि ऊन एकीवरही येत नाही. जुना हीटर तिथे नुसता लाल दिसतो. खोकल्याला मी जबाबदार होतो असं नाही. पण मन खात राहिलं.
बायको म्हणाली, माझ्या भावाकडे हीटिंगचं मशीन बसवलं तो फिटर बोलवू या. तो येऊन घर बघतो, काय लागेल ते सांगतो, आठवड्यात काम होतं. मी म्हटलं, तुझ्या भावानं मशीन घेतलं, अभ्यास कुठे केला? मी अभ्यास करून घेणार आहे.
संकल्प: ३० सप्टेंबरपर्यंत निर्णय.

११ सप्टेंबर, रविवार
अभ्यास जोरात. आपल्याला मल्टी-झोन हीट पंप हवा, एवढं नक्की झालं. घराबाहेर एकच मोठा डबा. त्यातून पाइप निघून प्रत्येक खोलीतल्या छोट्या युनिटला जातात. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार, आणि प्रत्येक खोलीचं तापमान तिचं तिचं वेगळं. डब्याला पोर्ट असतात. तीन पोर्ट म्हणजे तीन खोल्या. चौथी खोली मागाहून आठवली तर तिला त्या डब्यात जागा नाही. आधीच मोजून घ्यावं लागतं. असले मुद्दे मेहुण्यासारख्या माणसाच्या गावीही नसतात.
आईला अर्धा तास समजावून सांगितलं. ती म्हणाली, गरम होईल ना, मग झालं.

२४ सप्टेंबर, शनिवार
फिटरचा फोन आला. बायकोनं परस्पर नंबर दिला होता. म्हणाला, साहेब, येऊन बघून जातो, त्याचे पैसे नाहीत. मी नम्रपणे नाही म्हटलं. मला स्वतःचा नकाशा स्वतः काढायचा आहे. तो म्हणाला, बघितलेलं बरं पडतं, साहेब. मी म्हटलं, नकाशा पाठवतो, त्यात सगळं बघायला मिळेल.
एक्सेलमध्ये आता एकोणीस कॉलम आहेत. भिंतीची जाडी, खिडक्या, ऊन, खोलीतली माणसं. दिवेसुद्धा धरले आहेत, कारण दिव्यांचीही उष्णता असते. बायको म्हणाली, चहाच्या कपाचीही असते. दुर्लक्ष केलं. (मग विचार केला आणि कॉलम वाढवला. वीस.)

९ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी
ठरलेली तारीख उलटून गेली, पण घाईत घेतलेल्या निर्णयापेक्षा बरं. आज मापं घेतली. हॉल, बेडरूम, माझी अभ्यासाची खोली. मागच्या खोलीत गेलो तर आई जेवून आडवी झाली होती. टेप खडखडवून तिला उठवणं मला बरं वाटलं नाही. घर घेतलं तेव्हाचा मी काढलेला नकाशा कॉम्प्युटरमध्ये होताच, त्या खोलीची मापं तिथून घेतली. आईच्या झोपेचा एवढा विचार करणारा मुलगा विरळा.
नकाशा तीन रंगांत केला आणि फिटरला पाठवला.

१७ ऑक्टोबर, सोमवार
फिटरचं कोटेशन आलं. तीन झोन, तीन पोर्टचा डबा. आता इतके दिवस एक्सेलमध्ये राहिल्यावर माझ्या डोक्यात आकडा कुठला होता ते नीट सांगता येत नाही, पण तीन वाचून छान वाटलं. तीन हा समतोल आकडा आहे. सही करून पाठवलं.
बायकोनं विचारलं, सगळ्या खोल्या आल्या ना त्यात? मी म्हटलं, सगळ्या.

३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७:४०
फाइल लावत होतो. नकाशावर नजर गेली. हॉल, बेडरूम, अभ्यास आणि मागच्या बाजूला राखाडी रंगात ‘स्टोअर’.
घर घेतलं तेव्हा ती स्टोअरच होती. जुना नकाशा, जुनं नाव. तांत्रिक बाब आहे.
फाइल बंद करून ऑफिसला निघालो.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी ५, ऑफिसमधून
दुपारी एकला फिटरला फोन लावायला घेतला. मग वाटलं, त्याची जेवणाची वेळ. दोनला लावायचं ठरवलं. दोनला मीटिंग. चारला वाटलं, एव्हाना डबा गोदामातून निघाला असणार, आता सांगितलं तर गरिबाची धावपळ. शिवाय काय सांगायचं? की नकाशात माझी आई राहून गेली? हे वाक्य मी तीनदा मनात म्हणून पाहिलं. मोठ्यानं म्हणण्यासारखं नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
मार्ग सापडला. गरम हवा वाहते. मागच्या खोलीचं दार पॅसेजमध्ये उघडतं आणि पॅसेज हॉलमध्ये. दारं उघडी ठेवली तर मागची खोली आपोआप गरम होईल. म्हणजे तीनच पोर्ट पुरतात. मी नकळत बचतच केली की. जीव भांड्यात पडला. कुणाला सांगायची गरज नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार
फिटिंग झालं. फिटर आणि त्याचा जोडीदार सकाळी नऊला आले, सहाला गेले. काम सुबक. फिटर पाइप ओढत पॅसेजमध्ये आला तेव्हा त्याला मागच्या खोलीत पलंग दिसला. विचारलं, इथे कुणी राहतं का, साहेब?
मी म्हटलं, कधीमधी.
हे इथे लिहून ठेवतो. कुठेतरी असायला हवं. आई तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा करत होती, त्यामुळे तसा काही प्रश्न नाही.
संध्याकाळी आईनं विचारलं, माझ्या खोलीत कधी बसवणार? मी म्हटलं, तुला अंगावर थेट वारा नको म्हणून तुझ्याकडे वेगळी पद्धत ठेवली आहे, हवा बाहेरून येईल. ती म्हणाली, बरं. आई कधी दुसरा प्रश्न विचारत नाही. एखाद्यानं विचारावा.

२० नोव्हेंबर, रविवार
थंडी पडली. चाचणी घेतली. हॉल २२, बेडरूम २२, अभ्यास २३. मागची खोली १४.
थर्मामीटर भिंतीला टेकला होता, भिंत गार असते. दोन डिग्री वाढवून १६ नोंदवले. दार पूर्ण उघडं नव्हतं, त्याची एक. १७.
आईला जन्मभर दार लावून झोपायची सवय. फिटिंग झालं त्याच रात्री तिला सांगितलं, दार उघडं ठेवायचं, सिस्टीमची गरज आहे. ठेवते. तेव्हापासून टीव्ही संपेपर्यंत तिला झोप लागत नाही. टीव्ही आम्ही बघतो.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
पॅसेजमध्ये टेबलफॅन लावला. गरम हवेला ढकलायला. आई दोन स्वेटर घालून पलंगावर बसली होती, फॅनकडे तोंड करून. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, छान वारा येतोय.
फॅन काढला.

२७ नोव्हेंबर, रविवार
मेहुणा आला होता. आईची चौकशी करायला तिच्या खोलीत गेला, दहा मिनिटं बसला आणि बाहेर आला तो जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून. मला म्हणाला, रिमोट भारी आहे. मी त्याला झोन समजावून सांगू लागलो, पण आवाजात दम नव्हता.

२९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६:३०
आईला खोकला. मी म्हटलं, फिटिंगची धूळ. बायकोनं माझ्याकडे बघितलं. धुळीला सतरा दिवस झाले, असं ती म्हणाली नाही. ती बोलते तेव्हा माझ्याकडे उत्तरं असतात.

३० नोव्हेंबर, बुधवार
उपाय लिहून काढले.
अ) मोठा, चार पोर्टचा डबा. म्हणजे सगळं उघड होणार.
ब) माझ्या अभ्यासाच्या खोलीतलं युनिट काढून आईकडे लावणं. म्हणजे नवा पाइप, नवं भोक, आणि फिटर विचारणार, का?
क) आईनं अभ्यासाच्या खोलीत राहायचं, मी मागे. खर्च शून्य, वेळ अर्धा दिवस.
‘क’पुढे टिक केली. मग खोडली. टेबल मोठं आहे, दारातून जाणार नाही. फाइलींचा क्रम बिघडेल. अभ्यासाला वातावरण लागतं.
कसला अभ्यास? हीट पंप तर लागला. हल्ली मी त्या खोलीत तेवीस डिग्रीत बसून पेपर वाचतो आणि पलीकडून खोकला ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेतो. हे खरं आहे म्हणून लिहिलं. उद्या फाडून टाकीन.

१ डिसेंबर, गुरुवार
फाडलं नाही.
संकल्प: रविवारी सगळ्यांना बसवून खरं ते सांगायचं. नीट मांडणी करून.

४ डिसेंबर, रविवार
मांडणीचे बारा स्लाइड झाले. तिसऱ्यावर ‘परिस्थिती’, सातव्यावर ‘काय शिकलो’. माफीचा स्लाइड सध्या कोरा आहे, कारण तिथे मजकूर कमी आणि अक्षर मोठं लागतं. बायको आईला घेऊन डॉक्टरकडे गेली. सोबत जायला हवं होतं. मी स्लाइड करत होतो. डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही, फक्त खोली उबदार ठेवा. हे मला बायकोनं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवताना सांगितलं, पाकिटाकडे बघत.
सांगायचं राहिलं. आजारी माणसाला बारा स्लाइड नकोत.

७ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ५:३०
आज ठरवूनच लवकर निघालो. स्लाइड नाही, काही नाही, सरळ सांगायचं. घरात शिरलो तर मागच्या खोलीचं दार बंद. आतून घरघर. ढकललं तर ऊब. भिंतीवर एक पांढरं युनिट, खिडकीबाहेर एक छोटा स्वतंत्र डबा. आई एका स्वेटरमध्ये, मोजे काढून.
फिटर सकाळी येऊन तीन तासांत लावून गेला. आईनं स्वतःच्या पैशातून घेतलं. सोमवारी तिनंच त्याला फोन केला होता. नंबर बायकोनं दिला. एका खोलीसाठी एकच मशीन, डब्याला पोर्ट मोजायची भानगड नाही. माझ्या वीस कॉलमांत हे कुठेच नव्हतं, कारण मी मल्टी-झोनचा अभ्यास करत होतो.
विचारलं, फोनवर ठरवायला किती वेळ लागला? म्हणाली, गॅसवर ठेवलेलं दूधही तेवढ्यात उतू गेलं नाही. विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा अभ्यासाला बसला असतास.
मॉडेल कुठलं ते विचारणार होतो. विचारलं नाही.

८ डिसेंबर, गुरुवार
खोकला कमी. मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण घरात कानकोंड्यासारखा फिरतो आहे. बायको आज नेहमीसारखं बोलली, ते जास्त लागलं.

११ डिसेंबर, रविवार. सकाळी १०
आईच्या खोलीत गेलो. म्हटलं, आई, माझ्याकडून एक चूक झाली. नकाशात तुझ्या खोलीला स्टोअर लिहिलं गेलं, जुना नकाशा होता, म्हणून तीनच झोन आले. आणि कळल्यावरही मी सांगितलं नाही.
तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, स्टोअर लिहिलंस त्याचं मला काही वाटलं नाही रे. होतीच ती स्टोअर. माणूस विसरतो.
मला एकदम हलकं वाटलं. निघणार होतो.
मग ती म्हणाली, पण फिटरला तू कधीमधी म्हणालास. मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्या मागेच उभी होते.
महिनाभर तिला ठाऊक होतं. त्यानंतरच ती दार उघडं ठेवून झोपत होती. फॅनपुढे बसली ती त्यानंतरच. म्हटलं, आई, तू इथे कायमची आहेस. ती म्हणाली, हो, आता भिंतीत भोक पाडून घेतलंय. आणि हसली. मला हसता आलं नाही. लाज वाटली, एवढंच.
बस जरा, म्हणाली. बसलो. गार हात घेऊन आलायस, असं म्हणून तिनं रिमोटवर एक डिग्री वाढवली.
आज काही ठरवलेलं नाही.